मोडलेलें इंजिन : बांधावें कीं बदलावें?

घरची मोटार बंद पडणें ही गोष्ट हल्लीं कांहीं अपूर्वाईची राहिलेली नाहीं. परंतु मोटारीचें इंजिनच निकामी होण्याचा प्रसंग एखाद्या कुटुंबावर आयुष्यांत एकदां, फार तर दोनदां येतो. आणि तो येतो तेव्हां घरांतील प्रत्येकाला त्याविषयीं मत असतें, व माहिती मात्र बहुधा कोणालाच नसते. आमच्या घरीं तो प्रसंग २०२४ च्या मे महिन्यांत आला. त्या वेळीं जें शिकावें लागलें तें वाचकांपैकीं कोणाच्या तरी उपयोगी पडेल या हेतूनें, आणि त्यांत आमचा दोष किती होता हें न लपवितां, येथें सांगावयाचें योजिलें आहे.

गुहागरहून पुण्यास परत येत होतों. गाडी २०१२ सालची, डिझेलवर चालणारी, १ लाख ३८ हजार किलोमीटर धांवलेली. गाडींत आम्ही, थोरले बंधू, वहिनी, आई आणि पुतण्या अशीं पांच माणसें. मागें आंब्यांच्या चार पेट्या व आईच्या आग्रहानें घेतलेलें फणसाचें एक धूड. चिपळूण सोडून कुंभार्लीचा घाट चढूं लागलों तेव्हां भर दुपार होती. अर्धाअधिक घाट चढून झाल्यावर समोरच्या तबकडीवर तांबडा दिवा लागला. चक्र आमच्या हातीं होतें. पुतण्या शेजारीं बसला होता, तो म्हणाला, "काका, इंजिन तापलंय, गाडी बाजूला घ्या." आम्हीं उत्तर दिलें, "माथा दोन वळणांवर आला. तिथं चहा घेऊं, तोवर निवेल."

तीं दोन वळणें गाडीनें पार केलीं नाहींत. प्रथम जोर ओसरला, मग खालून ऐरणीवर हातोडा पडावा तसे ठोके ऐकूं आले, आणि शेवटीं इंजिन जागच्या जागीं आवळून बसलें. आम्हीं घाईघाईनें पुन्हां किल्ली फिरविली. ही दुसरी चूक. आवळलेलें इंजिन बळानें फिरवूं पाहिल्यास जें थोडेंबहुत शाबूत असतें तेंही ओरखडून निघतें. पुढें कोयनानगर, पाटण, उंब्रज, सातारा या मार्गानें टोइंगच्या गाडीवर पाठुंगळीं बसून आमची मोटार मध्यरात्रीं पुण्यास आली. फणस तेवढा सुखरूप होता.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर बैठक बसली. वहिनींचें म्हणणें, गाडी आहे तशी विकून टाकावी. एक भंगारवाला साठ हजार द्यावयास तयार होता. पुतण्याचें मत, नवी गाडी घ्यावी व हप्ते बांधून घ्यावे. दादांना मात्र वडिलांच्या काळची आठवण. "इंजिन उतरवायचं, बोअर करायचं, त्यांत काय एवढं!" आमच्या वडिलांजवळ पद्मिनी होती, तिला सारें घर शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणे. १०८९ घनसेंटिमीटरचें तिचें इंजिन इतकें साधें कीं कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री तें डोळे झांकून खोली. दर कांहीं वर्षांनीं तें बांधून घेणें म्हणजे घराला चुना देण्यासारखें नेहमींचें काम होतें. कुर्ल्याच्या कारखान्यांतील त्या गाडीचें उत्पादन एकविसावें शतक उजाडतां उजाडतां थांबलें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. दादांचा विश्वास मात्र अद्याप निवृत्त झालेला नव्हता.

या साऱ्या वादामागें एक गोष्ट होती, जिचा उच्चार कोणी करीत नव्हतें. आमच्या सामाईक खात्यांत साडेचार लाख रुपये बाजूला ठेवलेले होते ते आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं. ती दिवाळीनंतर करावयाची ठरली होती. मोटारीचा खर्च जितका वाढेल तितका तो त्याच पैशांतून व्हावयाचा. शेवटीं आईनेंच तोंड उघडलें. "माझे गुडघे थांबतील आणखी वर्षभर. तुम्ही गाडी घ्या." कोणी कांहीं बोललें नाहीं. मग आमच्याकडे पाहून ती म्हणाली, "पण ज्यानं दिवा बघूनही गाडी दामटली, त्यानं आतां तरी घाई करूं नये."

तिचें हें वाक्य आम्हीं मनाला लावून घेतलें, आणि पहिला निश्चय असा केला कीं इंजिनाला नेमकें काय झालें आहे हें कळेपर्यंत कोणताही निर्णय करावयाचा नाहीं. येथेंच बहुतेक लोक फसतात. 'इंजिन गेलें' हा एकच शब्दप्रयोग चार अगदीं निराळ्या दुखण्यांना लावतात. पुराच्या पाण्यांत गाडी घातली असतां सिलिंडरांत पाणी शिरतें. पाणी दाबलें जात नसल्यामुळें कनेक्टिंग रॉड वांकतो. टायमिंग बेल्ट तुटला तर वाल्व्ह पिस्टनवर आदळतात. तेथें वरचा भाग मोडतो, खालचा पुष्कळदां वांचतो. तेल आटलें तर बेअरिंगें वितळतात. आणि पाणी आटलें तर प्रथम हेड वांकडें होतें, व तरीही कोणी गाडी दामटीत राहिला तर पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतात. चौघांचा खर्च सारखा नसतो, आणि ज्या दुखण्याचें नांव माहीत नाहीं त्याच्या औषधाची किंमत कोणी सांगूं लागला तर त्याच्यापासून सावध राहिलेलें बरें.

हेड वांकडें कां होतें हें समजून घेण्यासारखें आहे. आमच्या इंजिनाप्रमाणें पुष्कळ इंजिनांचा खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा व वरचें हेड ॲल्युमिनियमचें असतें. उष्णतेनें ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. चाळीस सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या घेऊन त्यांचें तापमान शंभर अंशांनीं वाढविलें तर लोखंडाची पट्टी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढेल, ॲल्युमिनियमची जवळजवळ एक मिलिमीटर. रोजच्या चालण्यांत ही ओढाताण हिशेबांत धरलेली असते. परंतु थंड करणारें पाणी संपलें कीं हेड बोल्टांमध्यें अडकून फुगूं पाहतें, जागा मिळत नाहीं म्हणून बाक घेतें, मधलें गॅस्केट जळतें, आणि तेल व पाणी एकत्र होतात. तेल ओतावयाच्या झांकणाला आंतून लोण्यासारखा पांढुरका थर दिसला कीं या प्रकाराची शंका घ्यावी. आमच्या झांकणाला तो होता.

प्रथम एका मोठ्या अधिकृत वर्कशॉपांत चौकशी केली. तेथील तरुण गृहस्थ मोठे सभ्य होते. इंजिन न उघडतां, संगणकाकडे पाहून त्यांनीं दोन लाख चाळीस हजारांचा आंकडा सांगितला. खालचा अर्धा भाग नवा, हेड नवें, आणि सामान येण्यास दीड महिना. या जातीचें १२४८ घनसेंटिमीटरचें इंजिन आपल्याकडे रांजणगांव व मानेसर येथें तयार होई, आणि मारुती, टाटा व फियाट या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत तें बसे. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, त्या सुमारास तें बंद झालें. त्यामुळें नवें इंजिन मिळणें अवघड. उलट जुन्या गाड्या अमाप असल्यामुळें सुटे भाग व उतरविलेलीं इंजिनें मुबलक.

नंतर सिंहगड रस्त्यावरील आमच्या नेहमींच्या मिस्त्रीकडे गेलों. त्यानें आंकडा सांगण्याचें साफ नाकारलें. "साहेब, उघडायचे सहा हजार द्या. उघडल्यावर दोघं मिळून बघूं. बांधायचं ठरलं तर ते मजुरींत वळते करीन; नाहीं ठरलं तर गेले म्हणा." ते सहा हजार आम्हीं आनंदानें दिले, आणि साऱ्या प्रकरणांत याहून सत्कारणीं लागलेला पैसा आम्हांस आठवत नाहीं.

इंजिन उघडलें त्या दिवशीं आम्ही, दादा व पुतण्या असे तिघेही हजर होतों. हेडावर सरळ पट्टी धरून खालून पातळ पात्याचें गेज सरकविलें तेव्हां मधोमध ०.१८ मिलिमीटरचा बाक निघाला; ०.१ पेक्षां अधिक बाक सहसा चालवून घेत नाहींत. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागतील असे ओरखडे, पिस्टनची एक बाजू खरवडलेली, आणि त्याच रॉडचें बेअरिंग झिजून तांब्यापर्यंत पोंचलेलें. हेंच तें ठोके देणारें. या बेअरिंगांत व शाफ्टांत जी फट असते ती मिलिमीटरच्या शतांशांनीं मोजावयाची, म्हणजे माणसाच्या केंसाहूनही बारीक. त्या फटींतील तेलाच्या पापुद्र्यावर सारें इंजिन तरंगत असतें. तो पापुद्रा आम्हीं दोन वळणांच्या हव्यासापायीं जाळला होता.

परंतु रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आलेला नव्हता. मिस्त्रीनें ब्लॉक व हेड लेथच्या कारखान्यांत नेलें. तेथें हेडाचीं सर्व द्वारें बंद करून, आंत दाबानें हवा भरून, तें गरम पाण्यांत बुडवितात. सायकलच्या ट्यूबचें पंक्चर शोधावें त्याच रीतीनें. बुडबुडा आला नाहीं. ब्लॉकलाही भेग नव्हती. क्रँकशाफ्ट पाव मिलिमीटर तासून सुधारण्याजोगा होता. संध्याकाळीं मिस्त्रीनें कागदावर आंकडा लिहून दिला: पंचाण्णव हजार, आणि वर दहा टक्के इकडेतिकडे.

आतां खरी तुलना करतां येण्याजोगी झाली. तिसरा मार्ग होता तो जुन्या इंजिनाचा. ज्या कुर्ल्यांत पद्मिनी जन्मास येई, त्याच कुर्ल्यांतील सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांच्या अवयवांचा मोठा बाजार आहे. तेथून उतरविलेलें इंजिन बसवून पंचावन्न हजारांत काम होत होतें. आंकडा मोहक खरा. पण तें इंजिन कोणत्या गाडींतून, किती धांवून, कोणत्या कारणानें बाहेर आलें याची खात्री कोण देणार? विक्रेत्याची हमी एक महिन्याची. आगींतून निघून फोफाट्यांत पडण्याची हीच जागा. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं असें इंजिन घेतलें. तें चाललें चांगलें, पण त्याचें बिल मात्र त्यांनीं जपून ठेवलें नाहीं. नोंदणीपुस्तकांत चासीचा क्रमांक असतो तसा इंजिनाचाही असतो. इंजिन बदलल्यास नवा क्रमांक प्रादेशिक परिवहन कार्यालयांत नोंदवून घ्यावा लागतो व विमा कंपनीस कळवावा लागतो. त्यासाठीं इंजिन कोणाकडून आलें याचा कागद हवा. दोन वर्षांनीं गाडी विकावयाची वेळ आली तेव्हां क्रमांक जुळेना, आणि इंजिन चोरीचें नाहीं हें सिद्ध करण्याची पाळी या पापभीरू गृहस्थांवर आली. स्वतःचाच ब्लॉक राखून इंजिन बांधलें तर हा प्रश्न उद्भवत नाहीं.

विमा कंपनी खर्च देईल काय, असें वहिनींनीं विचारलें. विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसींत अपघात येतो. यंत्राचा आपोआप झालेला बिघाड व झीज येत नाहीं. इंजिनासाठीं निराळें जोडसंरक्षण मिळतें, पण तें आमच्याजवळ नव्हतें. आणि असतें तरी दिवा लागल्यावर गाडी हांकली हें सांगतांना आमची जीभ अडखळली असती.

दादा व पुतण्या यांनीं मग एक हिशेब मांडला. तो आम्हांस इतका पटला कीं येथें देत आहों. नुसत्या किंमतींची तुलना करावयाची नाहीं, तर त्या किंमतींत किती वर्षें मिळतील हें पाहावयाचें. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. आमची २०२७ पर्यंत. पुढें तपासणींत उत्तीर्ण झाल्यास ती पांच पांच वर्षांनीं वाढते, पर्यावरण कर भरावा लागतो. गाडीचा सांगाडा, रंग, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांची स्थिति पाहतां अजून पांच वर्षें ती सुखानें चालेल असा मिस्त्रीचा अभिप्राय पडला. त्याप्रमाणें बांधलेल्या इंजिनाचा खर्च वर्षाला वीस एकवीस हजार. कुर्ल्याचें इंजिन दोन वर्षें टिकेल असें धरलें तर वर्षाला साडेसत्तावीस हजार, म्हणजे स्वस्त तेंच महाग. वर्कशॉपचें नवें इंजिन कदाचित दहा वर्षें टिकेल, पण त्याच्याभोंवतींची गाडी पांचच वर्षें टिकणार. म्हणून वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला ही म्हण आमच्यासारख्या शाकाहारी घरांत शोभत नाहीं खरी. परंतु धडधाकट असतांना जेमतेम सव्वादोन लाखांना विकली गेली असती अशा गाडीस दोन लाख चाळीस हजारांचें इंजिन, याला दुसरी म्हण आम्हांस सुचली नाहीं. साडेनऊ लाखांची नवी गाडी घेऊन पांच वर्षांनीं ती साडेचार लाखांना विकली तर वर्षाला एक लाख, व्याज निराळें. त्या व्याजांत आईचे गुडघे होते.

हा हिशेब सर्वांना लागू पडेल असें आम्ही म्हणत नाहीं. ब्लॉक फुटला असता तर आम्हीं कुर्ल्याचाच रस्ता धरला असता, मात्र इंजिन गाडींत असतांना चालवून, कॉम्प्रेशन तपासून, क्रमांकासह पक्कें बिल घेऊन. गाडी चार पांच वर्षांची असती तर कंपनीचें नवें इंजिन हमीसह घेणेंच शहाणपणाचें. दिल्लीस राहणाऱ्या आमच्या मामेभावाला तर हा प्रश्नच पडला नसता. तेथें दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं बंदी घातली, २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली, आणि पुढें त्या आदेशांत फेरफार होत राहिले. अशा शहरांत जुन्या डिझेल इंजिनावर लाख रुपये घालणें म्हणजे भाड्याच्या घरांत संगमरवर बसविणें. आणि ज्या गांवीं विश्वासाचा मिस्त्री व चांगला लेथ नाहीं, तेथें बांधण्याचा विचारच करूं नये. बांधलेलें इंजिन हें बांधणाऱ्याच्या हाताइतकेंच चांगलें.

बैठक दुसऱ्यांदां बसली ती दहा मिनिटांत उठली. वहिनींनींच "बांधा" म्हणून सांगितलें.

काम तीन आठवडे चाललें. नाना पेठेंतून सामान आणण्यास पुतण्या स्वतः जाई व प्रत्येक डब्यावरील क्रमांक जुळवून घेई. चारही सिलिंडर बोअर करून थोड्या मोठ्या मापाचे पिस्टन, नव्या रिंगा, सर्व बेअरिंगें व गॅस्केटें मिळून अडतीस हजार. लेथचें काम सोळा हजार. तेलाचा पंप, पाण्याचा पंप, टायमिंग चेन, थर्मोस्टॅट व नळ्या एकवीस हजार. तेल व कूलंट पांच हजार. मजुरी चोवीस हजार, पहिले सहा धरून. एकूण एक लाख चार हजार. हेड सपाट करण्यापुरतेंच तासलें, कारण डिझेल इंजिनांत पिस्टन व वाल्व्ह यांमधील अंतर थोडें असतें. तें मोजून त्या मानानें जाड गॅस्केट घातलें.

एका गोष्टीवर मिस्त्री अडून बसला, आणि त्याचें आम्हांस कौतुक वाटलें. झिजलेल्या बेअरिंगाचा कीस तेलाबरोबर सर्वत्र फिरलेला असतो. तेलाचा कूलर, त्याच्या नळ्या आणि टर्बोला तेल नेणारी बारीक नळी हीं साफ न करतां नवें इंजिन जोडलें तर तोच कीस नव्या बेअरिंगांत जाऊन बसतो. टर्बोचें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें. त्याला कणभर धातूही पुरतो. बांधलेलीं इंजिनें वर्षभरांत पुन्हां बसतात तीं पुष्कळदां या आळसामुळें. आणि मूळ कारण? तें शोधण्यांत त्यानें एक अख्खी सकाळ घालविली. हीटरकडे जाणाऱ्या चारशें रुपयांच्या रबरी नळीला मागच्या बाजूनें चीर गेली होती. तेथून कूलंट थेंबथेंब गळत असलें पाहिजे. वाफ होऊन जात असल्यामुळें अंगणांत कधीं डाग पडला नाहीं. बाटलींतील पातळी पाहिली असती तर कळलें असतें. ती आम्हीं गणपतीपासून पाहिली नव्हती.

पहिले हजार किलोमीटर गाडी जपून चालविली. चढावर ओझें नाहीं, वेग बेताचा, आणि हजार झाल्याबरोबर तेल बदललें. काढलेलें तेल मिस्त्रीनें पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हांत धरलें. चकाकी फारशी नव्हती.

आईची शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणें नोव्हेंबरांत झाली. इस्पितळांतून तिला घरीं आणलें तें याच गाडीनें; पुढचें आसन मागें ढकलून, पाय लांब करतां येतील असें. २०२५ च्या मे महिन्यांत पुन्हां गुहागरास जाऊन आलों. परततांना कुंभार्लीच्या घाटांत, कोणताही दिवा लागलेला नसतां, गेल्या वर्षींच्या त्याच वळणाच्या अलीकडे आम्हीं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद करून, निवूं देऊन बॉनेट उघडलें; कूलंट खुणेवर होतें. तोंवर आई दार उघडून आपल्या आपण उतरली होती, आणि पुतण्याचा हात न धरतां कठड्यापर्यंत चालत गेली. तेथून खालीं चिपळूणच्या बाजूची दरी दिसते. ती पुरती पाहून झाल्यावर मग आम्ही वर निघालों.